दर वाढला की निर्यातबंदी : आपण दार लावलं की जगाच्या ताटात काय होतं?

वैनगंगा

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात एका अधिसूचनेने थांबवली. त्या दिवसांत आपल्याकडे सगळी चर्चा टोमॅटोच्या भावाची होती, त्यामुळे ही बातमी लवकरच मागे पडली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत तांदळाच्या पिशव्यांसाठी उडालेल्या झुंबडीचे व्हिडिओ मात्र बरेच फिरले. पण अमेरिकेतली आपली मंडळी काही उपाशी राहणार नव्हती. खरा फटका बसला तो सेनेगल, बेनिन अशा देशांना. तिथल्या बाजारातली बातमी आपल्यापर्यंत पोचतच नाही.

अन्नसुरक्षेचा विषय निघाला की दुष्काळ, युद्ध, हवामानबदल, लोकसंख्या ही यादी आपण ऐकतो. ती खरी आहे. मला इथे लिहायचंय ते एका सहीनिशी तयार होणाऱ्या धोक्याबद्दल. धान्य पिकवणारे देश घाबरून एकापाठोपाठ एक दारं लावून घेतात, तो धोका.

तांदळाचं गणित आधी बघू. जगात वर्षाला साधारण ५२ कोटी टन तांदूळ तयार होतो. त्यातला दहा टक्क्यांच्या आसपासच देशाची सीमा ओलांडतो, बाकीचा पिकतो तिथेच शिजतो. गव्हाचा मात्र जवळपास चौथा हिस्सा व्यापारात येतो. म्हणजे तांदळाची जागतिक बाजारपेठ मुळातच लहान आहे आणि त्यात एकट्या भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या घरात. २०२२ मध्ये आपण सव्वादोन कोटी टनांच्या आसपास तांदूळ बाहेर पाठवला. एवढा मोठा विक्रेता एका रात्रीत उठून गेला तर उरलेले विक्रेते भाव वाढवणारच. तसंच झालं. थायलंड आणि व्हिएतनामचा तांदूळ टनाला ६०० डॉलरच्या वर गेला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा तांदळाच्या भावांचा निर्देशांक ऑगस्ट २०२३ या एका महिन्यात ९.८ टक्क्यांनी चढून पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर पोचला.

पंधरा वर्षं मागे गेलं की २००८ येतं. माझ्या मते अन्नधोरणावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वर्ष नीट समजून घ्यायला हवं. त्या हंगामात जगातलं तांदळाचं पीक बुडालं नव्हतं, उलट उत्तम होतं. पण गहू आणि तेलाचे भाव चढत होते. ऑक्टोबर २००७ मध्ये भारताने बिगर-बासमती तांदळाची निर्यात आवळायला सुरुवात केली, मग व्हिएतनामने हात आखडता घेतला. फिलिपाइन्स घाबरला आणि मिळेल त्या भावाने मोठाल्या निविदा काढू लागला. निविदा दिसल्या की व्यापारी माल दाबून धरत, माल दिसेनासा झाला की आणखी एखादा देश निर्यात बंद करी. २००८ च्या सुरुवातीला ४०० डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ एप्रिल-मेपर्यंत हजार डॉलरपार गेला. हैतीत महागाईविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये तिथल्या पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं.

हे थांबलं कसं, तो भाग जास्त महत्त्वाचा. जागतिक व्यापार संघटनेच्या अटीमुळे जपानला दरवर्षी काही परदेशी तांदूळ विकत घ्यावा लागतो. जपानी लोक तो फारसा खात नाहीत, त्यामुळे तो गोदामांत पडून होता. त्यातला काही साठा फिलिपाइन्सला द्यायची तयारी जपानने दाखवली आणि जहाज हलण्याआधीच भाव उतरायला लागले. धान्य होतं तेवढंच होतं. फक्त ते मिळेल हा भरवसा परत आला.

२०२२-२३ मध्ये हीच साखळी नव्याने सुरू झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. मार्चच्या उष्णतेने आपला गहू दाणे भरण्याच्या वेळीच होरपळला. जगाला धान्य पुरवायची तयारी एप्रिलमध्ये दिल्लीतून बोलून दाखवली गेली आणि १३ मे रोजी गव्हाची निर्यात बंद झाली. सप्टेंबरमध्ये तुकडा तांदळावर (भरडताना मोडलेल्या दाण्यांवर) बंदी आणि पांढऱ्या तांदळावर २० टक्के शुल्क आलं. युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून बाहेर पडू देणारा इस्तंबूलचा करार रशियाने १७ जुलै २०२३ रोजी सोडला. त्या कराराखाली सुमारे ३.३ कोटी टन धान्य बाहेर पडलं होतं. त्यानंतर तीनच दिवसांत आपली बंदी आली. आयात करणाऱ्या गरीब देशाच्या जागी उभं राहून तो आठवडा बघा.

आपली गरज आधी बघणं चूक आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण बंदी हे त्यासाठीचं सर्वांत बोथट आणि सर्वांत घातक हत्यार आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचा या साखळीशी कुठेही संबंध आला आहे त्यांनी लिहावं.

उन्हाळकांदा

वैनगंगाताई, तांदळाचं तुम्ही लिहिलं, कांद्याचं मी लिहितो. निफाड तालुक्यात शेती आहे.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. तेव्हा भाव पडलेलाच असतो, म्हणून आम्ही तो कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरतो आणि पावसाळ्यापर्यंत थांबतो. चाळीत कांदा सडतो, कोंब येतात, वजन घटतं. हे सगळं सोसायचं ते ऑगस्ट-सप्टेंबरात चार पैसे मिळतील म्हणून. २०२३ मध्ये बरोबर १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. लासलगावला लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. मग ८ डिसेंबरला सरसकट बंदी, ती ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातभाव आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण निघायला १ एप्रिल २०२५ उजाडलं. डिसेंबरात बंदी आली तेव्हा लाल कांदा बाजारात यायला लागला होता. लाल कांदा टिकत नाही. तो चाळीत ठेवून वाट बघता येत नाही, मिळेल त्या भावाला द्यावाच लागतो.

शहरातल्या माणसाला कांदा महाग नको, हे मला मान्य आहे. पण भाव दोन रुपये किलो होतो तेव्हा अधिसूचना निघत नाही. भाव चढला की रात्रीतून निघते. पुढच्या वर्षी कांदा लावायचा की नाही हे मी कशाच्या आधारावर ठरवू? आणि मी लावला नाही तर पुढच्या वर्षीची टंचाई कुठून आली, हे कोणी विचारतं का?

बांगलादेशचंही बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये आपण अचानक कांदा बंद केला. पुढच्याच आठवड्यात तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत म्हणाल्या की बंद करण्याआधी जरा कळवत जा. त्या हसत बोलल्या होत्या, पण त्यानंतर तिथे कांद्याचं पीक वाढवायचं काम जोरात चाललं आहे. आता ते पाकिस्तान आणि चीनकडूनही घेतात. आमचं सर्वांत जवळचं गिऱ्हाईक होतं ते.

सडेतोड

धागा चांगला आहे, पण एक बाजू सुटते आहे. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. आपला पाऊस घटवणारा एल निनो येणार हे जुलैत दिसत होतं. तांदळाचा किरकोळ भाव वर्षात साडेअकरा टक्क्यांनी वाढला होता. ऐंशी कोटींहून जास्त लोकांना रेशनवर धान्य द्यायची कायदेशीर जबाबदारी सरकारवर आहे. उद्या गोदाम रिकामं झालं असतं तर हेच लोक म्हणाले असते की परदेशात तांदूळ कशाला विकला. सरकारने जोखीम घ्यायची कशाच्या जोरावर? सेनेगलचा विचार सेनेगलच्या सरकारने करावा.

वैनगंगा

सडेतोड, प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रेशनचा तांदूळ बाजारातून येत नाही, तो हमीभावाने खरेदी होऊन भारतीय अन्न महामंडळाकडे येतो. १ जुलैला महामंडळाकडे किमान किती तांदूळ हवा याचा निकष ठरलेला आहे, १३५ लाख टन. जुलै २०२३ मध्ये भरडायचं धान धरून साठा त्याच्या कितीतरी वर होता. महागाई खुल्या बाजारात होती आणि तिच्यासाठी खुल्या बाजारात सरकारी साठा विकायची योजना होतीच. शुल्क वाढवायचा मार्गही होता. शुल्काने निर्यात कमी होते पण थांबत नाही, सरकारला महसूल मिळतो आणि गिऱ्हाईक तुटत नाही.

पुढे काय झालं तेही बघा. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस पांढऱ्या तांदळावरची बंदी उठली, मार्च २०२५ मध्ये तुकड्यावरची. तोपर्यंत गोदामं इतकी भरली होती की २०२४-२५ साठी ५२ लाख टन सरकारी तांदूळ इथेनॉलला द्यायचं ठरलं, क्विंटलला २२५० रुपये भावाने. टंचाईच्या भीतीने बंद केलेला माल शेवटी गाड्यांच्या टाक्यांकडे वळला. यात खाणाऱ्याचा फायदा मला तरी दिसत नाही.

गोंदिया-भंडाऱ्याचं एक सांगते. इथल्या गिरण्यांतला उसना (धान उकडून केलेला) तांदूळ मोठ्या प्रमाणावर आफ्रिकेकडे जातो. २५ ऑगस्ट २०२३ ला उसन्यावर २० टक्के शुल्क आलं तेव्हा सौदे आधीच झालेले होते. शुल्काचा बोजा गिरणीवाल्याने घ्यायचा की घेणाऱ्याने, यावर भांडणं झाली. शेवटी तो धानाच्या भावावर येऊन पडला, म्हणजे शेतकऱ्यावर.

दाकारहून

मी सेनेगलमध्ये जहाजवाहतुकीच्या कामात आहे. इथलं थोडं सांगतो.

इथलं रोजचं जेवण म्हणजे चेबुजेन, मासे आणि भाज्यांच्या रश्श्यात शिजवलेला भात. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तो भात तुकडा तांदळाचा करतात. फ्रेंच राजवटीत इंडोचायनातल्या गिरण्यांचा तुकडा इकडे यायला लागला आणि लोकांच्या जिभेवर तोच बसला. आपल्याकडे तुकडा म्हणजे कोंबडीखाद्य, मद्यार्क नाहीतर इडलीचं पीठ. इथे मात्र तो घरचा भात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने तुकडा बंद केला तेव्हा दिल्लीत कदाचित तो पशुखाद्याचा आणि इथेनॉलचा प्रश्न वाटला असेल.

इथे गरीब माणूस गोणी घेत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून किलो-दोन किलो रोजच्या रोज घेतो. त्यामुळे भाव चढला की त्याला तो दुसऱ्या दिवशी कळतो. त्यात डॉलर महाग, म्हणजे मार दुहेरी. नंतर भारताने सरकार-ते-सरकार पद्धतीने सेनेगल, गाम्बिया अशा देशांना कोटा दिला हे खरं. पण कोटा मिळवण्यासाठी अर्ज, वाटाघाटी, मग ठरावीक सहकारी संस्थेमार्फत माल. यात महिने जातात. ज्या देशाचं दिल्लीत वजन कमी, त्याचा नंबर उशिरा.

सडेतोड, सेनेगलने आपलं बघावं हे इथलेही लोक म्हणतात. सेनेगल नदीच्या खोऱ्यात भातशेती वाढवायचे प्रयत्न जुने आहेत. पण कालवे, पंप, खत यात वर्षं जातात आणि बंदी एका संध्याकाळी येते.

पाझरतलाव

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. १९७२ च्या दुष्काळात नोकरीला नवा होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

त्या काळात सोलापूर, नगर, बीड, औरंगाबाद भागात पिकं सलग गेली होती. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागली, मुलांना सुकडी मिळे. तरी माणसं मोठ्या संख्येने भुकेने मेली नाहीत. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी त्या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्याच सुमाराला आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातही दुष्काळ होता आणि तिथे फार मोठी हानी झाली. महाराष्ट्रात फरक पडला तो मुख्यतः कामांमुळे. मे १९७३ मध्ये राज्यात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नाला बांध, रस्ते. हातात मजुरी होती म्हणून परजिल्ह्यातलं, परराज्यातलं धान्य दुष्काळी गावापर्यंत ओढलं गेलं. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना आधीच मांडली होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

त्या वेळी धान्याच्या आंतरराज्य वाहतुकीवर सरकारी निर्बंध होते. पंजाबात धान्य असूनही ते इकडे सरळ येऊ शकत नव्हतं. म्हणजे निर्यातबंदीचाच हा देशांतर्गत प्रकार, त्याने आमचं काम कठीण केलं होतं. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातही प्रांतांनी आपापल्या सीमा बंद केल्या होत्या. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं की तिथे माणसं धान्य नव्हतं म्हणून नव्हे, तर ते विकत घेण्याची ऐपत गेली म्हणून मेली. आजही अन्नसुरक्षेचं धोरण फक्त टनांत मांडलं जातं तेव्हा मला काळजी वाटते. मजुरी किती आणि कोणाच्या हातात, हा आकडा टनांच्या शेजारी असायला हवा.

मृदगंध

सगळे व्यापारावर बोलताहेत, मी जमिनीवर बोलते. माती परीक्षणाचं काम करते.

आपण दोन कोटी टन तांदूळ निर्यात करतो तेव्हा पंजाब-हरियाणाचं भूजलही बाहेर पाठवतो. फुकट वीज आणि खात्रीची खरेदी, यामुळे तिथे भात लावला जातो. जमिनीच्या आणि पावसाच्या हिशेबात तो बसत नाही. त्यामुळे बंदी नको हे मान्य, पण याच पद्धतीने याच भागातून निर्यात वाढत राहावी हेही मला मान्य नाही. जगाच्या व्यापारातला ४० टक्के तांदूळ घटत्या पाण्याच्या पातळीवर उभा असेल तर तो धोका कोणत्याही अधिसूचनेपेक्षा मोठा आहे.

दुसरी गोष्ट खताची. युरियासाठी लागणारा बराचसा नैसर्गिक वायू आपण आयात करतो, पोटॅश तर जवळजवळ सगळं बाहेरचं. जगातल्या फॉस्फेट खडकाच्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. २०२१ मध्ये चीनने खतांची निर्यात आवळली तेव्हा धान्यबंदीचाच खेळ एक पायरी आधी खेळला गेला. त्याच वर्षी श्रीलंकेने रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. सेंद्रिय शेतीचं कारण दिलं, पाठीमागे परकीय चलनाची चणचण होती. सात महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला, पण तोवर भाताचं आणि चहाचं नुकसान होऊन गेलं होतं. मी स्वतः सेंद्रिय कर्बासाठी वर्षानुवर्षं गावोगाव बोलते आहे, म्हणूनच सांगते, जमीन बदलायला हंगामामागून हंगाम लागतात. हुकमाने माती सुधारत नाही.

गोदातीर

रेशनवर काम करते, पालघर-ठाणे पट्ट्यात. एकच मुद्दा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोकांना धान्याचा हक्क दिला, पण ती संख्या २०११ च्या जनगणनेवर गोठली आहे. त्यानंतर जन्मलेल्या आणि लग्न होऊन आलेल्या कितीतरी नावांना जागा मिळत नाही. ५२ लाख टन तांदूळ इथेनॉलला देता येतो, तर ही संख्या वाढवता का येत नाही? आणि पाच किलो तांदूळ-गव्हाने पोट भरतं, बाळाचं वजन वाढत नाही. डाळ, तेल, अंडं यांवर बोलल्याशिवाय अन्नसुरक्षा पुरी होत नाही.

टोकियोकर

श्रीमंत देशाचंही, जपानचं सांगतो. २०२५ च्या वसंतात इथे पाच किलो तांदळाचा भाव ४००० येनच्या वर गेला, वर्षभरात दुप्पट. सरकारला आणीबाणीचा राखीव साठा बाजारात आणावा लागला. आपल्याला तांदूळ कधी विकत घ्यावा लागत नाही, समर्थक देतात, असं बोलल्यामुळे कृषिमंत्र्यांना मे महिन्यात पद सोडावं लागलं. पुढे जुना राखीव तांदूळ २००० येनच्या आसपास दुकानांत आला तेव्हा लोक सकाळपासून रांगेत उभे होते. साठा होता म्हणून निभावलं.

वैनगंगा

सगळ्यांचे आभार. मृदगंध, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो. पंजाबातला भात कमी व्हायलाच हवा. पण तो हमीभावाची खरेदी डाळी-तेलबिया-भरडधान्यांकडे वळवून, वर्षागणिक आधी सांगून कमी करावा. तशी घट घेणाऱ्या देशालाही दिसते आणि तो तयारी करतो.

काय करता येईल ते लिहिते. २०११ मध्ये जी-२० देशांनी कृषी बाजार माहिती यंत्रणा उभी केली, ती २००८ च्या अंधारातल्या घबराटीवरचा उपाय म्हणून. साठ्यांचे खरे आकडे तिथे वेळेवर देणं भारत आणि चीन दोघांनाही शक्य आहे. आग्नेय आशियाने चीन, जपान, कोरियासह ७ लाख ८७ हजार टनांचा सामायिक आपत्कालीन तांदूळसाठा ठरवला आहे. दक्षिण आशियात अशी अन्नपेढी कागदावर आहे, तिला जीव हवा. जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत सगळ्यांनी मान्य केलं की संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने मदतीसाठी घेतलेल्या धान्यावर निर्यातबंदी लागू करायची नाही. हे चांगलं झालं. पण धान्य घ्यायला त्या कार्यक्रमाकडे पैसाच नसेल तर? २०२५ मध्ये अमेरिकेने मदत तोडली आणि त्यांना शिधा कापावा लागला, सुदानसारख्या ठिकाणी उपासमार जाहीर झालेली असताना. १९८४ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर उभी केलेली अमेरिकेची दुष्काळ-इशारा यंत्रणाही काही महिने बंद होती. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२४ मध्ये ६७ कोटींहून जास्त माणसं कायमच्या भुकेत होती. भरल्या गोदामांच्या भारताने या कार्यक्रमाला नियमित, आधी ठरवलेला तांदूळ द्यावा असं मला मनापासून वाटतं. अफगाणिस्तानला आपण असा गहू दिलेला आहे.

आणि उलटा फेरा सुरू झालाच आहे. भारत परत बाजारात आला तसे भाव कोसळले. मग फिलिपाइन्सने आपल्या शेतकऱ्यांसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून तांदळाची आयातच थांबवली होती, आधी साठ दिवस, मग वर्षअखेरपर्यंत. २०२३ मध्ये निर्यातदारांनी दार लावलं, २०२५ मध्ये आयातदारांनी.

उन्हाळकांदा

ताई, त्यात एक आमचंही घाला. खरीप आणि रब्बीच्या लागवडीआधी जाहीर करा: घाऊक भाव अमुक झाला तर शुल्क इतकं, अमुक झाला तर इतकं, आणि खाली गेला तर खरेदी इतक्या भावाने. दोन्ही टोकं लिहून द्या. शुल्क लागलं तरी ज्याचा सौदा आधी झालाय त्याचा माल जाऊ द्या. एवढं कळलं तर रोप टाकताना मी माझा हिशेब करीन, आणि ढाक्याचा व्यापारीही त्याचा करील. आज आम्ही दोघंही फक्त अधिसूचनेची वाट बघतो.